नंदीवाल्यांची श्वानविद्या
बाराव्या शतकातील चालुक्य नृपती तिसरा सोमेश्वर याने 'मानसोल्लासा'त कुत्र्यांच्या खेळाची सविस्तर नोंद केली. ती राजविनोदाची होती. शिवारातील श्वानविद्येला अभ्यासक लाभले ते विसाव्या शतकात. माधव गाडगीळ व कैलास मल्होत्रा यांनी पश्चिम महाराष्ट्रातील भटक्यांची शिकार अभ्यासली. फासेपारधी फास लावून हरणे धरीत. वैदू सापळ्यांच्या साह्याने मुंगूस, उदमांजर पकडीत. नंदीवाले कुत्र्यांनिशी रानडुक्कर, साळिंदर यांचा माग काढीत. ही दोन्ही जनावरे पिकांची नासाडी करणारी. नंदीवाल्याचे पोट भरता भरता कुणब्याचे शेतही राखले जाई. १९७२चा वन्यजीव संरक्षण कायदा आणि त्यातील १९९१ची दुरुस्ती यांनी शिकारीला मज्जाव केला. तो आवश्यकच होता. परंतु त्यामुळे एक उपजीविका गुन्हा ठरली. राजाचा विनोद ग्रंथात टिकला. भटक्यांची विद्या मात्र तिच्या जाणकारांबरोबरच मावळते.