कुंडीच्या तळाचे छिद्र

धाराशिव जिल्ह्यातील बेंबळी हे पावसाकडे डोळे लावून जगणाऱ्या मुलखातले गाव. या मुलखाने १९७२ चा दुष्काळ सोसला; शेजारच्या लातूरला २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून आगगाडीने पाणी आणावे लागले. अशा ठिकाणी पाणी वाहून जाऊ देणे माणसाला पापासारखे वाटते. म्हणूनच अंगणातल्या कुंडीच्या तळाचे छिद्र चिंधीने बुजवण्याचा मोह होतो. मलाही तो एका उन्हाळ्यात झाला. मोगऱ्याची पाने पिवळी पडली, तेव्हा तो तहानलेला आहे असे समजून मी आणखी पाणी घातले. शेवटी रोप उपटून पाहिले, तर मुळे काळी पडून सडली होती. पाण्याची काळजी करता करता मी त्याला बुडवून मारले होते.

वाचकहो, हे छिद्र फार पुरातन आहे आणि त्याच्या इतिहासाचा एक धागा बेंबळीच्याच तालुक्यातील तेर या गावाजवळून जातो. तेर म्हणजे प्राचीन तगर. इसवी सनाच्या पहिल्या शतकातील एका अनामिक ग्रीक व्यापाऱ्याच्या प्रवासवर्णनात, तगरहून कापड गाड्यांतून भडोचच्या बंदराकडे जात असल्याची नोंद आहे. त्याच शतकात, ज्या रोमन जगाशी हा व्यापार चाले, तेथे प्लिनी हा ग्रंथकार महाळुंगाच्या जातीच्या झाडाविषयी लिहीत होता. हे झाड दूरदेशी नेण्यासाठी मातीच्या भांड्यांत लावीत आणि मुळांना श्वास घेता यावा म्हणून त्या भांड्यांना छिद्रे ठेवीत, असे तो सांगतो. इ. स. ७९ मध्ये ज्वालामुखीच्या राखेखाली गाडल्या गेलेल्या पाँपेई नगराच्या बागांतही अशी सच्छिद्र भांडी उत्खननात सापडली आहेत.

प्लिनीने योजलेला ‘श्वास’ हा शब्द मार्मिक आहे. मुळांना पाण्याइतकीच हवेचीही गरज असते. मातीच्या कणांमधील सगळ्या पोकळ्या पाण्याने भरल्या की मुळे गुदमरतात आणि कुजू लागतात. छिद्र मोकळे असले तरी तळाशी ओल्या मातीचा एक थर राहतोच, कारण मातीचे बारीक कण पाण्याला धरून ठेवतात. या थराची उंची मातीच्या पोतावर अवलंबून असते, कुंडीच्या उंचीवर नव्हे. त्यामुळे त्याच मातीने भरलेली उथळ कुंडी उंच कुंडीपेक्षा अधिक दमट राहते. तळाशी खडीचा थर घातला की पाणी लवकर निथळते, ही समजूत सर्वत्र रूढ आहे. पण बारीक मातीतले पाणी ती माती पूर्ण भिजल्याशिवाय खडीत उतरत नाही. खडीमुळे ओला थर उलट मुळांच्या अधिक जवळ येतो. छिद्रावर खापराचा एक तुकडा ठेवावा तो माती वाहून जाऊ नये एवढ्यासाठीच. काळ्या चिकण मातीत वाळू आणि चांगले कुजलेले खत मिसळणे हा खरा उपाय होय.

आपल्याकडील विहिरींच्या व कूपनलिकांच्या पाण्यात पुष्कळदा क्षार अधिक असतात. पाणी उडून जाते, क्षार मागे राहतात. मातीच्या कुंडीवर दिसणारा पांढरा थर हा त्याचाच पुरावा. थोडे पाणी छिद्रातून बाहेर पडले तरच ते क्षार धुऊन निघतात.

याच जिल्ह्यातील नळदुर्गाच्या बांधकर्त्यांनी मोठ्या प्रमाणावर असाच विचार केला होता. इ. स. १६१३ मध्ये, दुसऱ्या इब्राहीम आदिलशाहाच्या कारकिर्दीत, बोरी नदीवर बांध घातला गेला आणि त्याच्या पोटात पाणीमहाल उभा राहिला. पावसाळ्यात जास्तीचे पाणी ‘नर’ आणि ‘मादी’ या दोन वाटांनी खाली कोसळते. पाणी अडवणाऱ्यांनी ते सोडण्याची वाटही बांधतानाच ठेवली होती.

पाणी वाचवायचेच असेल, तर त्यासाठी बिनछिद्राचे मडके आहे. सच्छिद्र मातीचे मडके झाडाशेजारी गळ्यापर्यंत पुरून पाण्याने भरावे. माती सुकेल तसे पाणी झिरपत राहते. चीनमध्ये ही रीत इसवी सनापूर्वी पहिल्या शतकातील शेतीग्रंथात नमूद आहे. आपल्या देशात कर्नालच्या केंद्रीय मृदा लवणता संशोधन संस्थेत १९७० च्या दशकात तिच्यावर प्रयोग झाले.

तेर हे संत गोरोबाकाकांचेही गाव. संतमेळाव्यात त्यांनी थापटण्याने एकेकाचे मस्तक ठोकून कोणते मडके पक्के आणि कोणते कच्चे हे पारखले, ही आख्यायिका आपण लहानपणापासून ऐकतो. इंग्लंडमधील जुने माळीही काठीने मातीच्या कुंड्या ठोकून पाहत: खणखणीत नाद आला तर माती कोरडी, बद्द आवाज आला तर अजून ओली. आज प्लास्टिकच्या कुंडीतून असा नाद उमटत नाही. तिच्या भिंतींतून पाणीही उडून जात नाही, म्हणून तिला मातीच्या कुंडीइतके वारंवार पाणी लागत नाही. तेव्हा बोटाचे एक पेर मातीत खुपसून पाहावे. कोरडे लागले तरच, तळातून थेंब गळू लागेपर्यंत सावकाश पाणी घालावे. खालच्या ताटलीत जमलेले पाणी अंगणातल्या एखाद्या मोठ्या झाडाच्या आळ्यात ओतावे, म्हणजे थेंबही वाया गेल्याची रुखरुख राहणार नाही.

मोगऱ्याचे नवे रोप मी त्याच कुंडीत लावले आहे. चिंधी मात्र काढून टाकली.