वेळेची बेगमी

मराठी घरांत 'बेगमी' हा शब्द फार जुना आणि फार अर्थपूर्ण आहे. पुढें लागणारी वस्तु आधींच जमवून ठेवणें, असा त्याचा सरळ अर्थ. धान्याची बेगमी, सरपणाची बेगमी, वैरणीची बेगमी हे प्रयोग सर्वांच्या परिचयाचे आहेत. परंतु चैत्र-वैशाखांत घरोघर जी बेगमी चाले, तींत जिनसांबरोबर वेळाचाही सांठा होत असे. उन्हाळ्यांतील मोकळे दिवस पावसाळ्यांतील अडचणीच्या दिवसांसाठीं डब्यांत व बरण्यांत भरून ठेवण्याची ती युक्ति होती. घरांतील वेळ वाचविण्याचा विचार यंत्रांबरोबर पश्चिमेकडून आला, असा एक सार्वत्रिक समज आहे. या एका शब्दाचा विचार केला तरी तो समज टिकत नाहीं.

जुन्या घरांत बायकांच्या दिवसाचा मोठा भाग तीन कामांत जाई: पाणी, दळण आणि चूल. पुण्यांत नानासाहेब पेशव्यांच्या कारकीर्दींत, अठराव्या शतकाच्या मध्यास, कात्रजच्या तलावाचें पाणी नळानें आणून ठिकठिकाणच्या हौदांत सोडण्यांत आलें. त्यामुळें पुष्कळांची नदीची वाट वाचली. पण हौदापासून स्वयंपाकघरापर्यंतची खेप बायकांच्या कमरेवरच राहिली. जातें पहाटे अंधारांतच सुरू होई, कारण दिवस उगवल्यावर त्याला वेळ मिळणें शक्य नसे. चूल पेटविणें हेंही सोपें काम नव्हतें. म्हणून रात्रीं निजण्यापूर्वीं निखारे राखेंत पुरून ठेवीत. सकाळीं राख सारून वर गोवरीचा तुकडा ठेविला कीं विस्तव तयार होई. निखारे विझलेच तर शेजारच्या घरून विस्तव मागून आणीत. चुलीच्या शेजारीं वैल जोडलेला असे. पुढें तव्यावर भाकरी होत असतां त्याच जाळाच्या आंचेवर वैलावर डाळ शिजे, आणि ती उतरली कीं तेथेंच पाणी तापत पडे. एका जाळांत दोन कामें उरकण्याची ही सोय ज्या कोणीं प्रथम केली, त्यांचीं नांवें इतिहासांत नाहींत. पण त्या बायकाच असाव्यात, हें उघड आहे.

वर्षाच्या बेगमीची व्याप्ति याहून मोठी. गहू तीन दिवस भिजवून, वाटून, त्यांचा चीक काढून कुरडया घालावयाच्या. उडदाच्या पिठाचे पापड लाटावयाचे. कोहळ्याचे सांडगे व भरलेल्या मिरच्या वाळवावयाच्या. कैरीचीं लोणचीं, मीठ लावून ठेविलेले चिंचेचे गोळे, कांडलेलें तिखट, गोडा मसाला, हीं सर्व मृगापूर्वीं घरांत यावयाचीं. तांदळाला एरंडेल चोळून आणि गव्हाला ऊन दाखवून, वर कडुनिंबाचा पाला पसरून धान्य भरून ठेवावयाचें. मग आषाढांत सरपण ओलें असो, भाजी मिळो न मिळो, आणि अवेळीं पाहुणा दारांत उभा राहो. ऊन ऊन भात, त्यावर मेतकूट, भाजलेला पापड आणि लोणच्याची फोड एवढ्यावर घरधनिणीची अब्रू राखली जाई. मेतकूट आणि थालिपिठाची भाजणी हे तर या कलेचे उत्तम नमुने. भाजण्याचा व दळण्याचा सगळा वेळ आधींच खर्चून ठेविलेला, आणि भुकेच्या वेळीं काम उरलें तें केवळ कालविण्याचें किंवा थापण्याचें.

हीं कामें कोणी एकटीनें करीत नसे. आज एका घरचे पापड, उद्यां दुसऱ्या घरचे, असा क्रम लागे. शेजारणी आपापलें पोळपाट-लाटणें घेऊन येत, आणि एकटीला चार दिवस पुरलें असतें असें काम दहा हातांनीं दुपारींच आटपे. मोबदला म्हणजे तेल लावलेल्या पापडाच्या लाट्या आणि आपल्या घरच्या पापडांच्या दिवशीं तितकेच हात हजर असण्याचा भरंवसा.

परंतु या चित्राची दुसरी बाजू झांकून ठेवणें इतिहासाला शोभणारें नाहीं. एकत्र कुटुंबांत हात पुष्कळ असत. पण ते कोणाचे असत, हा प्रश्न विचारावाच लागतो. ते सुनांचे असत, आश्रयाला राहिलेल्या आत्या-मावश्यांचे असत, आणि कित्येक घरांत बालपणींच वैधव्य आलेल्या, माजघराबाहेरचें जग बंद झालेल्या मुलीचे असत. घराचा जो वेळ वाचे तो बहुधा अशा कोणाच्या तरी आयुष्यांतून काढलेला असे. आणि एखादीचें काम लवकर आटपलें, तरी उरलेला वेळ तिचा मानला जात नसे. रमाबाई रानडे यांच्या 'आमच्या आयुष्यांतील कांहीं आठवणी' या १९१० सालीं प्रसिद्ध झालेल्या ग्रंथांत, शिकण्यासाठीं वेळ काढणाऱ्या सुनेला घरांतील वडीलधाऱ्या बायकांचा केवढा रोष सोसावा लागला, याची हकीकत आहे.

या जुन्या व्यवस्थेला पहिला धक्का नळानें दिला. मुंबईंत १८६० सालीं विहार तलावाचें पाणी आलें व १८९२ सालीं तानसाचें. विहिरीवरची खेप संपली. मात्र चाळींतून नळ सामाईक आणि पाणी ठराविक वेळीं येणारें, त्यामुळें पहाटेच्या खेपेऐवजीं पहाटेची रांग आली. नळानें रोज केवढें काम वांचत होतें, याची जाणीव पुणेकरांस १२ जुलै १९६१ रोजीं झाली. पानशेतचें धरण फुटलें, पुरांत खडकवासल्याचें धरणही गेलें, आणि शहराचा पाणीपुरवठा बंद पडला. कित्येक वर्षें झांकून पडलेल्या वाड्यांतील विहिरी पुन्हा उपसाव्या लागल्या, आणि आजीच्या काळची घागर नातीच्या कमरेवर आली.

दुसरा धक्का पिठाच्या गिरणीचा. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धांत गिरण्या शहरांतून आणि मोठ्या गांवांतून पसरत गेल्या व जातें हळूहळू कोपऱ्यांत गेलें. त्याबरोबर ओवीही मागें पडली. गी पॉइटविन व हेमा राईरकर यांनीं आपल्या सहकाऱ्यांसह १९८० नंतरच्या काळांत खेडोपाडींच्या बायकांकडून एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. बायकांचे किती तास दगड फिरविण्यांत गेले, याचाही तो एक पुरावाच आहे. ओवी गेल्याची हळहळ खरी. परंतु गिरणी आल्यावर पुन्हा जातें मांडणारें घर क्वचितच आढळेल. येथें आणखीही एक गोष्ट घडली व तिच्याकडे फारसें कोणाचें लक्ष गेलें नाहीं. पिढ्यान्‌पिढ्या केवळ बायकांचें असलेलें दळणाचें काम, डब्याच्या रूपानें, शाळेंतून आलेल्या मुलाच्या डोक्यावर बसलें. यंत्रानें काम कमी केलें आणि तें निराळ्या हातीं सोंपविलें. म्हणूनच ही बचत पक्की झाली.

चुलीचा इतिहास यापेक्षां गुंतागुंतीचा आहे. स्वीडनमधील फ्रान्स लिंडक्विस्ट यानें १८९२ सालीं काजळी न धरणारा, दाबावर चालणारा रॉकेलचा स्टोव्ह बनविला. 'प्रायमस' या नांवानें तो जगभर गेला आणि मराठी घरांत नुसता 'स्टो' झाला. काकडा लावणें, पिन मारणें, हवा भरणें, एवढें साधलें कीं पांच मिनिटांत चहा. पण त्याच्यापुढून हलण्याची सोय नव्हती. क्षणभर दुर्लक्ष झालें तर दूध उतूं जाई आणि कधीं पदरही पेटे. कलकत्त्याचे डॉ. इंदुमाधव मल्लिक यांनीं १९१० सालीं इक्मिक कुकर तयार केला तो याच्या नेमका उलट. तळाशीं कोळशाची लहानशी शेगडी, वर एकावर एक रचलेले डबे आणि सभोंवतीं मोठें भांडें. भात, डाळ व भाजी वाफेवर सावकाश शिजे. कोळसे पेटवून माणसानें बाहेर जावें आणि परत येऊन ऊन अन्न वाढून घ्यावें. स्टोव्हवर पदार्थ लवकर होई, पण माणूस अडकून पडे. इक्मिकमध्यें पदार्थास उशीर लागे, पण माणूस मोकळें होई. घड्याळाचा वेळ आणि माणसाचा वेळ यांतील हा भेद घरकामाच्या इतिहासांत पदोपदीं आढळतो.

पुढें हे दोन्ही गुण एकाच भांड्यांत आले. बंद भांड्यांत वाफ कोंडली कीं पाणी १०० ऐवजीं सुमारें १२० अंशांपर्यंत तापतें व अन्न लवकर शिजतें, हें डेनी पापँ या शास्त्रज्ञानें १६७९ सालीं लंडनमध्यें दाखविलें होतें. भारतांत प्रेशर कुकर १९५९ पासून घरोघर पोंचूं लागले. डाळ-भात एकदम चढवावा आणि शिट्ट्या मोजीत दुसरें काम करावें, ही रीत त्यानें पाडली. १९५५ च्या सुमारास मुंबईंत सिलिंडरचा गॅस आला. गरीब खेड्यांतील घरांसाठीं सरकारी योजना निघण्यास मात्र २०१६ साल उजाडावें लागलें. १९६३ सालीं मुंबईच्या सत्यप्रकाश माथुर या अभियंत्यानें भारतीय वाटणांच्या जोगा मिक्सर बाजारांत आणिला व पाट्या-वरवंट्याची सद्दी संपली. त्याच काळांत बेगमीही दुकानांत गेली. मुंबईंत गिरगांवांत १५ मार्च १९५९ रोजीं सात बायकांनीं ८० रुपये उसने घेऊन गच्चीवर पापड लाटण्यास आरंभ केला, तीच पुढें लिज्जतची संस्था झाली. शेजारणींच्या उसन्या हातांच्या कामाला रोख मजुरी मिळूं लागली, आणि दुसऱ्या बाईची उन्हाळ्याची दुपार वाचली. कमलाबाई ओगले यांच्या 'रुचिरा' या १९७० सालच्या पुस्तकानेंही वाटी-चमच्याचीं प्रमाणें देऊन नवशिक्या मुलींचे पुष्कळ फसलेले प्रयोग वाचविले.

इतकी सामग्री आल्यावर घरची बाई दुपारपर्यंत मोकळी व्हावयास हवी होती. तसें झालें नाहीं. हाच अनुभव अमेरिकेंत तपासून रूथ श्वार्ट्झ कोवान या इतिहासकार बाईंनीं १९८३ सालीं एक ग्रंथ लिहिला. त्यांचें प्रतिपादन असें कीं, यंत्रांनीं लांकडें फोडण्यासारखीं पुरुषांचीं व मुलांचीं कामें नाहींशीं केलीं. बाईचीं कामें सोपीं झालीं, पण तींच वाढत गेलीं, कारण स्वच्छतेच्या व सुखाच्या अपेक्षा वाढल्या. मराठी घरांतही याचा पडताळा येतो. वाटण सोपें झालें म्हणून इडली-डोसा नित्याचा झाला. दोन वेळच्या जेवणांत सकाळचा नाश्ता, मधल्या सुट्टीचा डबा आणि प्रत्येकाची निराळी आवड यांची भर पडली. आणि ज्या बायका नोकरीस जाऊं लागल्या, त्यांनीं वाचलेला वेळ कचेरीस दिला. घरचें काम त्यांची वाट पाहत राहिलें.

सरकारनें केलेल्या वेळेच्या पाहणीचे आंकडे या बाबतींत बोलके आहेत. २०१९ सालीं भारतांत घरकाम करणाऱ्या स्त्रियांचीं दिवसाचीं सरासरी २९९ मिनिटें त्यांत जात होतीं; पुरुषांचीं ९७. २०२४ च्या पाहणींत स्त्रियांचीं २८९ मिनिटें झालीं, म्हणजे पांच वर्षांत दहा मिनिटें वाचलीं. पण पुरुषांचींही ८८ झालीं! स्त्रियांचीं जीं दहा मिनिटें कमी झालीं, तीं पुरुषांनीं आपल्या अंगावर घेतलीं नाहींत, हें या आंकड्यांवरून स्पष्ट दिसतें.

एवंच, घरांतील वेळ वाचविण्याचे टिकाऊ मार्ग या इतिहासांत फार नाहींत. काम आधीं करून ठेवणें हा एक; रात्रीं भिजविलेलें कडधान्य आणि सवडीनें केलेलें दाण्याचें कूट यांचा गुण आजही तोच आहे. माणसाला मोकळें करील असेंच साधन निवडणें हा दुसरा. तिसरा मार्ग सर्वांत स्वस्त, आणि घरोघर सर्वांत कमी वापरलेला: काम वांटून घेणें. गिरणीच्या वाटेवर डबा घेऊन निघालेल्या मुलानें आईची पहाट वांचविली होती. त्या मुलाचीं नातवंडें आज मोठीं झालीं आहेत. जेवण झाल्यावर आपलें ताट आपण उचलून घांसावें आणि उद्यांचीं कडधान्यें आपण भिजत घालावींत, एवढें जरी त्यांनीं मनावर घेतलें, तरी त्यांच्या घरांत वेळेची बेगमी होऊं लागेल. आणि तो वेळ कोणासाठीं सांठविला, हें विचारण्याचा अधिकारही त्यांना येईल.