फडक्याला लागणारा रंग

गेल्या महिन्यात आम्ही (म्हणजे मी, बायको आणि बँक) गाडी घेतली. सेकंडहँड. आठ वर्षं जुनी, रुपेरी रंगाची हॅचबॅक. ज्यांच्याकडून घेतली ते गृहस्थ अगदी सज्जन. चहा पाजला, सर्व्हिसिंगची फाईल दाखवली आणि जाता जाता म्हणाले, "गाडीला कुठेही हात लागलेला नाही हां, सगळा कंपनीचाच कलर आहे." त्यांच्या बेसमेंटच्या ट्यूबलाईटखाली गाडी झकास दिसत होती. (बेसमेंटच्या ट्यूबलाईटखाली कुठलीही गाडी झकास दिसते, हे आता कळलंय.)

रविवारी सकाळी उन्हात उभी केली आणि एकेक गोष्ट दिसायला लागली. बॉनेटवर कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक ओरखडे. टपावर कावळ्यांनी सोडलेल्या आठवणी, पुसल्या तरी न जाणाऱ्या. आणि डावीकडचा मागचा दरवाजा बाकीच्या गाडीपेक्षा किंचित गडद. बायकोला दिसेना. मला मात्र एकदा दिसल्यावर दुसरं काही दिसेचना.

बाबांना फोन लावला. बाबा म्हणाले, "अरे त्यात काय एवढं! रबिंगचा डबा आण, मऊ फडकं घे आणि चोळ. आपली फियाट विसरलास का?"

फियाट कशी विसरेन? खरं तर ती प्रीमियर पद्मिनी, पण तिला पद्मिनी म्हणणारा माणूस आमच्या वाड्यात नव्हता. गर्द निळी. दर दिवाळीआधी बाबा जुन्या धोतराचं फडकं घेऊन तिला रबिंग करायचे. फडकं निळं व्हायचं, बाबांची बोटं निळी व्हायची, आणि पांढुरका पडलेला पत्रा पुन्हा आरशासारखा चमकायचा. फडकं धुवायचं काम माझ्याकडे होतं. फडकं जितकं निळं, तितकं काम चोख, असं आमच्या घरचं गणित.

तर मी चोळायला बसलो. तासभर झाला, फडकं पांढरंच. म्हटलं, आपलाच जोर कमी पडतोय. एसीत बसून काम करणारी पिढी! मग बॉनेटच्या कडेला जरा ताकद लावली. शेवटी फडक्याला राखाडी रंग लागला आणि मला खरोखर आनंद झाला. तो आनंद हाच सगळा घोटाळा होता. संध्याकाळी बघतो तर बॉनेटच्या कडेला तळहाताएवढा निस्तेज पट्टा. पाणी टाकलं की गायब, वाळलं की पुन्हा हजर.

दुसऱ्या शनिवारी नाना पेठेत एका पेंटरचाचांकडे गेलो. चाचांनी पट्ट्यावरून बोट फिरवलं आणि एवढंच म्हणाले, "साहेब, क्लिअर खाल्ला तुम्ही." मग खिशातून छोटं यंत्र काढून जागोजागी टेकवलं. रंगाची जाडी मोजायचं मीटर. टपावर 115 मायक्रॉन. दारांवर तसंच काहीतरी. तो गडद दरवाजा मात्र 230. "हा मारलेला आहे. पण पुट्टी नाही. पुट्टी असती तर पाचशेच्या वर गेला असता. ठोकलेली गाडी नाही, ओरखडा असेल नुसता." आणि माझ्या पराक्रमाकडे पाहत म्हणाले, "असं घासायचं ते ड्युकोला. ड्युको गेला आता."

ड्युको! हा शब्द मी लहानपणापासून ऐकतोय. आजही सुतार कपाटाला "ड्युको मारून देऊ का" असं विचारतो. आला कुठून? घरी येऊन वाचत बसलो आणि अख्खा रविवार गेला.

सुरुवातीच्या मोटारींना घोडागाडीवाल्यांच्या पद्धतीनेच रंग दिला जायचा. तेलाचा रंग, ब्रशने, थरावर थर. प्रत्येक थर वाळायचा, घासायचा, मग पुढचा, शेवटी वार्निश. एका चांगल्या गाडीला यात काही आठवडे जात. 1913 साली फोर्डने हायलंड पार्कच्या कारखान्यात सरकती असेंब्ली लाईन सुरू केली आणि चासीची जुळणी बारा तासांवरून दीड तासावर आणली. आता गाडी दीड तासात आणि रंग महिन्यात, हे कसं जमणार? (रिलीजच्या आधी एकच टेस्टर असलेल्या टीमला हे वेगळं सांगायला नको.) 1914 ते 1925 मॉडेल टी फक्त काळ्या रंगात मिळायची, ती याच काळात. काळा सर्वात लवकर वाळतो म्हणून, असं सगळीकडे छापलेलं असतं. मला ते पटत नाही. वेगवेगळ्या भागांना वेगवेगळे काळे रंग वापरले जात, आणि त्यांचं वाळणंही वेगवेगळं होतं. काळा स्वस्त होता, टिकाऊ होता आणि एकच रंग म्हणजे डोक्याला ताप कमी, हे कारण कारखानदाराच्या डोक्याशी जास्त जुळतं.

कोंडी फोडली ती बंदुकीच्या दारूच्या धंद्याने. ड्यू पाँ ही अमेरिकेतली दारूगोळा बनवणारी मोठी कंपनी. कापसावर नायट्रिक आम्लाची प्रक्रिया करून नायट्रोसेल्युलोज बनतं, त्यापासून बिनधुराची दारू. पहिलं महायुद्ध संपलं आणि एवढ्या मोठ्या कारखान्यांचं करायचं काय, हा प्रश्न आला. नायट्रोसेल्युलोजचं लॅकर आधीही होतं, पण ते इतकं घट्ट की फवारण्याजोगं पातळ केलं तर पत्र्यावर रंग नावालाच उरायचा. ड्यू पाँने कमी घट्ट जात तयार केली, म्हणजे कमी थिनरमध्ये जास्त रंग. जनरल मोटर्सच्या प्रयोगशाळेत चार्ल्स केटरिंग याच मागे लागला होता. (गाडीचा सेल्फ-स्टार्टर याचाच. पेट्रोलमध्ये शिसं घालायची कल्पनाही याच्याच प्रयोगशाळेतली. काय बोलणार!) 1923 मध्ये ओकलंड नावाच्या गाड्या निळ्या रंगात बाहेर पडल्या, 1924 चं मॉडेल म्हणून. तो रंग ड्युको. आठवड्यांचं काम तासांवर आलं.

फवारायची गनही तयार होती. टोलेडो शहरात अ‍ॅलन डेव्हिलबिस नावाच्या डॉक्टरने रोग्यांच्या घशात औषध फवारायला एक साधन बनवलं होतं. त्याच्या मुलाने, थॉमसने, तेच तत्त्व वापरून 1907 मध्ये रंगाची गन केली. नाना पेठेत चाचांच्या हातात आहे ती त्या घशाच्या औषधाची पणती म्हणायची.

पुढे रंग हा धंद्याचाच भाग झाला. 1927 मध्ये जनरल मोटर्सने 'आर्ट अँड कलर' नावाचा विभाग काढला, त्याच वर्षी मॉडेल टी बंद पडली. ड्यू पाँकडे जनरल मोटर्सचे 23 टक्के शेअर होते, आणि रंग व कापड विकत घेताना त्या मालकीचा दबाव येतो का, हा वाद थेट अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टात गेला. 1957 मध्ये निकाल ड्यू पाँच्या विरुद्ध लागला. आणि हे तर मला भारीच वाटलं: मेक्सिकोचा चित्रकार सिकेरोस 1936 मध्ये न्यूयॉर्कच्या कार्यशाळेत कॅनव्हासवर हाच गाडीचा रंग ओतत होता, आणि शिकायला आलेल्यांत जॅक्सन पोलॉक होता.

असो. मुद्दा फडक्याचा. ड्युको किंवा त्यानंतरचे जुन्या पद्धतीचे रंग, यांत रंगद्रव्य अगदी वरपर्यंत असायचं. उन्हाने वरचा थर मरायचा, पांढुरका व्हायचा. तो घासून काढला की खालचा ताजा रंग वर यायचा. म्हणजे बाबांचं निळं फडकं हा मेलेला रंग होता आणि बाबांची पद्धत शंभर टक्के बरोबर होती.

मग रचनाच बदलली. 1960 च्या दशकात गाडीचं अख्खं धूड रंगाच्या हौदात बुडवून त्यातून वीज सोडायची पद्धत आली, त्यामुळे आतल्या सांदीकोपऱ्यातही गंजरोधक थर बसू लागला. 1980 च्या दशकात रंगावर पारदर्शक थर देणं सर्रास झालं. आज खाली साधारण 20 मायक्रॉनचा तो हौदातला थर, वर 30-35 चा प्रायमर, मग जेमतेम 15-20 चा खरा रंग आणि सर्वात वर 40-50 चा क्लिअर. सगळं मिळून दोन केसांच्या जाडीएवढंही नाही. ऊन अडवणारी रसायनं त्या वरच्या पारदर्शक थरातच. त्यातले फार तर सात-आठ मायक्रॉन गाडीच्या आख्ख्या आयुष्यात घासून काढता येतात. या गाडीवर फडकं पांढरं राहणं हेच ठीक असतं. रंग लागला की समजायचं, छप्पर गेलं. आणि कडेला थर जास्त लवकर जातो. मी नेमका तिथेच जोर लावलेला.

चाचांना विचारलं, पूर्ण गाडीच मारून टाकू का, सगळा एकसारखा होईल? ते नको म्हणाले, आणि धंदा सोडून नको म्हणणारा माणूस मी पहिल्यांदा पाहिला. कारखान्यात नुसतं धूड असतं, वायर नाही, रबर नाही, म्हणून 140 अंशांच्या भट्टीत भाजता येतं. गॅरेजमध्ये 60 च्या वर जायची सोय नाही. शिवाय रुपेरी रंगात धातूचे बारीक कण, ते कसे आडवे पडतात हे गनच्या दाबावर आणि हाताच्या वेगावर ठरतं. म्हणून तर तो दरवाजा गडद दिसतो. कंपनीचा रंग एकदा काढला की तो परत मिळत नाही. बॉनेट तेवढं करून दिलं त्यांनी. दरवाजा तसाच आहे.

त्या गृहस्थांना फोन केला होता. भांडायच्या तयारीने. "हो, सोसायटीत कुणीतरी किल्लीने ओरखडा काढला होता. एवढंसं, ते काय सांगायचं!" म्हणाले. मी तोंड उघडलं आणि मिटलं. उद्या ही गाडी मी विकायला काढली की बॉनेटचं सांगणार आहे का? बायकोनेही हेच विचारलं. मी विषय बदलला.

मागच्या रविवारी बाबा आले. मी त्यांना थर वगैरे सगळं समजावलं, कागदावर काढून. त्यांनी शांतपणे ऐकलं. मग खाली जाऊन पाण्याने गाडी धुतली, पिशवीतून आणलेलं फडकं काढलं आणि टप नुसता कोरडा पुसून घेतला. फडकं उलटसुलट करून बघितलं.

"काहीच लागलं नाही की रे," म्हणाले.