मराठीतून हिब्रू

नामपल्लीत उजवीकडून डावीकडे जाणाऱ्या उर्दू पाट्या वाचणाऱ्या आम्हां मराठी भाषिकांस बेने इस्राएल बालकाची अडचण सहज उमगावी. घरची बोली मराठी, प्रार्थना हिब्रू. शिवाय हिब्रूचे स्वर एरवी बहुधा लिहीत नाहीत, नवशिक्यासाठी तेवढे बिंदू व रेघा देतात. कोकणातील शनवार तेल्यांनी 'शेमा' ही प्रार्थना मुखाने जपली, असे परंपरा सांगते. १८३२ साली जॉन विल्सन या मिशनऱ्याने त्यांच्यासाठी हिब्रू व्याकरण मराठीतून रचले. हेतू अर्थातच धर्मप्रसाराचा. १८७५ मध्ये हाईम सॅम्युएल केहिमकरांनी मुंबईत इस्रायली शाळा काढली, तेव्हा हे शिक्षण समाजाच्या स्वतःच्या हाती आले. आमच्या मते त्याहून मोलाचे काम जोसेफ इझिकेल राजपूरकरांचे. त्यांनी प्रार्थना मराठीत आणल्या, आणि मुलाच्या ओठांवरील शब्दांना घरचा अर्थ मिळाला.