खाच तशी सुई

एकाच टर्नटेबलावर दोन, क्वचित तीन टोनआर्म, म्हणजे सुई धरणारे दांडे, बसवलेले पाहून नवख्याला तो निव्वळ हौसेचा थाट वाटतो. प्रत्यक्षात त्यामागे तबकडीचा अख्खा इतिहास आहे. खाच कोरण्याची रीत दर काही दशकांनी बदलली आणि दर वेळी आधीची सुई नव्या खाचेला परकी ठरली.

एडिसनच्या १८७७ च्या फोनोग्राफमध्ये सुई वर-खाली हलायची. एमिल बर्लिनरच्या ग्रामोफोनमध्ये ती आडवी, डावी-उजवीकडे हलू लागली आणि पुढे मिनिटाला ७८ फेऱ्यांच्या तबकड्यांनी हीच रीत उचलली. लाखेच्या या तबकड्यांत खनिजांची भुकटी मुद्दाम मिसळलेली असे. पोलादी पिन तिच्यावर घासून पहिल्या काही फेऱ्यांतच खाचेच्या आकाराची होई, आणि एक बाजू वाजली की फेकून द्यावी लागे.

१९४८ मध्ये अमेरिकेच्या कोलंबिया कंपनीने एलपी आणली. ७८ च्या खाचेला साधारण ७५ मायक्रॉन त्रिज्येचे टोक लागत होते; एलपीच्या बारीक खाचेला २५ मायक्रॉनचे पुरे. जाड सुई त्या खाचेत उतरेना, बारीक सुई जुन्या खाचेच्या तळाशी खडखडे. म्हणून दोन टोकांची, फिरवून वापरायची कार्ट्रिज, म्हणजे दांड्याच्या टोकाला सुई बसवलेली डबी, निघाली. एकाहून अधिक सुया बाळगण्याची सुरुवात ही अशी गरजेतून झाली.

त्यानंतर स्टिरिओ आला. ॲलन ब्लमलाइनने १९३१ मध्येच पेटंटमध्ये मांडलेली कल्पना १९५७-५८ मध्ये बाजारात उतरली: खाचेच्या दोन भिंती ४५ अंशांत आणि प्रत्येक भिंतीत एकेक वाहिनी. स्टिरिओ सुई आडवी हालचाल टिपते तशी उभीही टिपते. जुन्या मोनो तबकडीत उभ्या हालचालीत संगीत नसतेच. असते ती धूळ आणि खरखर. निखळ मोनो कार्ट्रिज ती वाचतच नाही, त्यामुळे तीच तबकडी अधिक स्वच्छ वाजते.

मग टोनआर्मही वेगळा कशाला? डेन्मार्कच्या ऑर्टोफोनची १९५९ ची एसपीयू कार्ट्रिज जड आणि ताठ; अमेरिकेच्या शुअरची १९६४ ची व्ही-१५ हलकी, लवचीक सुईची. सुईचा लवचीकपणा आणि टोनआर्मचे वजन मिळून एका ठरावीक कंप्रतेला डोलतात. ती ८ ते १२ हर्ट्झच्या आसपास असावी. त्याहून खाली गेली तर वाकलेल्या तबकडीवर सुई हिंदकळते, वर गेली तर खर्जाला धक्का लागतो. इंग्लंडमधल्या एसएमईच्या टोनआर्मवर कार्ट्रिजचे डोके काढून दुसरे चढवता येई, पण दांड्याचे वजन तेच राही. ताठ कार्ट्रिजला जड दांडा आणि लवचीक कार्ट्रिजला हलका, अशी जोडी जुळवायची तर दुसरा टोनआर्म बसवणे भाग पडले. गॅरार्ड ३०१ किंवा थोरेन्स टीडी १२४ यांसारख्या टर्नटेबलांवर आपल्या पसंतीचा दांडा बसवायची मोकळीक होती.

आज या साऱ्याचा सर्वांत मोठा लाभ जुन्या संग्रहांना होतो. बालगंधर्वांच्या नाट्यपदांची तबकडी पोलादी पिनांनी वर्षानुवर्षे घासली गेली असेल, तर भिंती एका ठरावीक उंचीवर झिजलेल्या असतात. थोडी जाड किंवा थोडी बारीक सुई लावली की ती त्या उंचीच्या वर किंवा खाली, न झिजलेल्या भागाला टेकते. म्हणून जुन्या ध्वनिमुद्रणांचे जतन करणारे तंत्रज्ञ वेगवेगळ्या जाडीच्या सुया जवळ ठेवतात, आणि डिजिटल प्रत काढण्याआधी त्याच तबकडीवर एकेक लावून ऐकतात.