भूल देणाऱ्या परिचारिका आणि जुनाट वेदनेवरील उपचार

अमेरिकेत शस्त्रक्रियेपूर्वी भूल देण्याचे काम सुमारे दीडशे वर्षे परिचारिकाही करीत आल्या आहेत. भारतात हे काम डॉक्टरचेच मानले जात असल्याने येथील वाचकाला ही परंपरा अपरिचित वाटणे स्वाभाविक आहे. १८४६ साली बोस्टनमध्ये ईथरचा जाहीर प्रयोग यशस्वी झाला, तरी पुढची काही दशके भूल देणे हे दुय्यम काम समजले जाई आणि ते बहुधा विद्यार्थ्यावर किंवा नवशिक्या डॉक्टरवर सोपवले जाई, ज्याचे लक्ष रुग्णाच्या श्वासापेक्षा शस्त्रक्रियेकडेच अधिक असे. या हलगर्जीपणाने दगावणाऱ्या रुग्णांमुळे अस्वस्थ झालेल्या शल्यविशारदांनी हे काम परिचारिकांकडे सोपवण्यास सुरुवात केली. पेनसिल्वेनियातील ईरी येथे १८७७ साली या कामाला वाहून घेतलेल्या सिस्टर मेरी बर्नार्ड या त्यांतील पहिल्या ज्ञात परिचारिका होत.

या व्यवसायाला खरी प्रतिष्ठा मिळवून दिली ती मिनेसोटातील रॉचेस्टर येथे शल्यविशारद मेयो बंधूंबरोबर काम करणाऱ्या ॲलिस मगॉ यांनी. जाळीच्या मुखवट्यावर ईथर थेंबाथेंबाने टाकत, रुग्णाशी सतत धीराचे बोलत आणि त्याच्या श्वासाकडे पाहून मात्रा कमीजास्त करत त्या भूल देत. १९०६ साली त्यांनी चौदा हजारांहून अधिक प्रसंगांचा आढावा प्रसिद्ध केला, आणि त्यांत भुलीमुळे थेट ओढवलेला एकही मृत्यू नव्हता. त्या काळाच्या मानाने ही कामगिरी असामान्यच म्हणावी लागेल.

तरीही भूल देणे म्हणजे वैद्यकीय व्यवसाय करणे होय, आणि म्हणून परिचारिकेने ते करू नये, असा आक्षेप डॉक्टरांच्या एका गटाने न्यायालयांपुढे मांडला. केंटकीतील १९१७ च्या आणि कॅलिफोर्नियातील १९३६ च्या निवाड्यांनी तो फेटाळला. मात्र शल्यविशारदाच्या देखरेखीखाली काम करणारी परिचारिका वैद्यकीय व्यवसाय करीत नाही, हा त्या निवाड्यांचा आधार होता, आणि पुढच्या साऱ्या वादाचे मूळ या आधारातच आहे.

दरम्यान जुनाट वेदनेकडे, म्हणजे साधारणतः तीन महिन्यांहून अधिक काळ टिकणाऱ्या वेदनेकडे, पाहण्याची दृष्टी बदलत होती. दुसऱ्या महायुद्धात जखमी सैनिकांवर उपचार करणारे भूलतज्ज्ञ जॉन बोनिका यांनी १९५३ साली वेदनेच्या उपचारांवर मोठा ग्रंथ लिहिला आणि अशा रुग्णाकडे अनेक शाखांच्या तज्ज्ञांनी मिळून पाहावे, असा आग्रह धरला. वेदनेचा मार्ग अडवण्यासाठी मज्जातंतूजवळ किंवा मज्जारज्जूच्या आवरणाबाहेर सुईने औषध सोडण्याचे तंत्र भूलशास्त्रातलेच होते. प्रसूतीच्या वेळी हीच सुई रोज हाताळणाऱ्या परिचारिकेला पाठदुखीच्या रुग्णाकडे वळणे कौशल्याच्या दृष्टीने फार दूरचे नव्हते, आणि ज्या ग्रामीण रुग्णालयांत भूलतज्ज्ञ डॉक्टरच नव्हता, तेथे तर ही गरज रुग्णांचीच होती.

परंतु शस्त्रक्रियागृहात रुग्णाला काय झाले आहे हे शल्यविशारदाने आधीच ठरवलेले असते. जुनाट वेदनेच्या रुग्णाबाबत मात्र वेदनेचे कारण शोधणे, म्हणजे निदान करणे, हाच उपचाराचा कठीण भाग असतो. डॉक्टरांच्या विरोधामागे आर्थिक हितसंबंध होते हे खरे असले, तरी हा मुद्दा गंभीर आहे आणि तो केवळ स्पर्धेची भीती म्हणून उडवून लावणे अन्यायाचे होईल. त्याचबरोबर, जवळ दुसरा उपचारकर्ताच नसलेल्या रुग्णाला दूरच्या शहराचा रस्ता दाखवणे हेही उत्तर नव्हे. या वादात लुइझियानातील अपील न्यायालयाने २००८ साली जुनाट वेदनेसाठी इंजेक्शने देणे परिचारिकांच्या अधिकाराबाहेरचे ठरवले; उलट आयोवाच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१३ साली, सुईची दिशा पडद्यावर दाखवणाऱ्या सलग क्ष-किरण तपासणीवर उच्च प्रशिक्षित परिचारिकांनी देखरेख ठेवण्यास मुभा देणारे नियम कायम ठेवले. त्याच वर्षाच्या आरंभी मेडिकेअरने, म्हणजे मुख्यतः वृद्धांसाठीच्या सरकारी आरोग्य विम्याने, राज्याचा कायदा परवानगी देईल तेथे या उपचारांचे पैसे परिचारिकांना देण्याचा नियम लागू केला.

२०१५ साली भूल देणाऱ्या परिचारिकांच्या राष्ट्रीय प्रमाणन मंडळाने वेदना-उपचारांसाठी स्वतंत्र परीक्षा सुरू केली. ती ऐच्छिक होती, आणि उत्तीर्ण होणाऱ्या परिचारिकेला राज्याच्या कायद्याने न दिलेला कोणताही अधिकार त्या परीक्षेमुळे मिळत नव्हता.