मुक्या सिलिंडरचा शोध

मोटारीचे इंजिन निर्दोष असले म्हणजे त्याचा ताल एकसारखा पडतो. एखाद्या सिलिंडरात इंधन पेटलेच नाही की हा ताल तुटतो, गाडी हिसके देते आणि चढणीवर तिचा जोर ओसरतो. कारागीर याला ‘मिसिंग’ म्हणतात.

हे दुखणे मोटारीइतकेच जुने आहे. १८८८ च्या ऑगस्टमध्ये बेर्था बेंझ आपल्या दोन मुलांसह, पतीने बनविलेल्या गाडीतून मानहाइमहून प्फोर्त्सहाइमला गेल्या. वाटेत तुंबलेली इंधनाची नळी त्यांनी टोपीच्या टाचणीने मोकळी केली आणि ठिणगीच्या तारेवर मोज्याचा पट्टा गुंडाळला, असे सांगतात. त्या इंजिनाला सिलिंडर एकच होता. पुढे सिलिंडर वाढले, तेव्हा दोषी कोणता, हा नवा प्रश्न उभा राहिला.

१९०८ ते १९२७ पर्यंत निघालेल्या फोर्डच्या ‘मॉडेल टी’ गाडीत याचे उत्तर चालकाच्या हाताशीच होते. चार सिलिंडरांच्या चार कॉइली एका पेटीत गुणगुणत असत. एकेका कॉइलीची थरथरती पट्टी बोटाने दाबून धरायची. इंजिनाचा आवाज पडला, तर तो सिलिंडर निरोगी. काहीच फरक पडला नाही, तर तोच मुका. पुढे एकाच कॉइलीवर सारे सिलिंडर चालू लागले, तेव्हा कारागीर एकेका प्लगची तार काढून हीच परीक्षा घेऊ लागले.

१९९६ पासून अमेरिकेतील नव्या मोटारींत हे काम संगणकाकडे आले. प्रत्येक स्फोटाने क्रँकशाफ्टला धक्का मिळतो. धक्का चुकला की त्याची गती क्षणभर मंदावते. संगणक तेवढे टिपतो आणि ‘पी ०३०३’ अशा संकेताने तिसऱ्या सिलिंडरकडे बोट दाखवितो. न जळलेले इंधन धूर शुद्ध करणाऱ्या यंत्रणेत पेटून तिचा नाश करते, हवाही दूषित होते. म्हणून या दोषावर पाळत ठेवणे कायद्याने आवश्यक ठरले.

परंतु संकेत स्थान सांगतो, कारण नव्हे. ठिणगी पडली नाही, इंधन पोचले नाही, की व्हॉल्व्ह जळून दाब गेला? आज पुष्कळ गाड्यांत पुन्हा प्रत्येक सिलिंडरला स्वतंत्र कॉइल असते. जाणता कारागीर संशयित कॉइल शेजारच्या सिलिंडरवर बसवितो. दोष तिच्यामागे गेला, तर कॉइल वाईट. जागीच राहिला, तर शोध पुढे चालू. या साध्या विचाराला फाटा देऊन सुटे भाग बदलीत जाणाऱ्याचे पैसे संपतात, मिसिंग मात्र तसेच राहते.